चिंधी बाजूला ठेवा

वारशात जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची ती) आली की माणूस सगळ्यात आधी तेलाची चिंधी शोधतो. निवांत दुपार, हाताशी थोडं स्टील वूल, आणि ते तपकिरी पडलेलं लोखंड! मोह सात्त्विक असतो, पण तासाभराच्या घासकामात किंमत निम्म्यावर येऊ शकते.

तो तपकिरीपणा म्हणजे मळ नव्हे. मूळचं ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर, झिजून, हवा लागून लोखंडाने धरलेला तो रंग आहे. रिसिव्हरच्या, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या मधल्या लोखंडी सांगाड्याच्या तळाशी, लिव्हरच्या पुढे, लोखंड पांढुरकं पडलेलं दिसतं. रायफल एका हातात तोलून न्यायची ती जागा. असा पांढुरका पट्टा जाणकाराला आवडतो, कारण झीज जिथे व्हायला हवी तिथेच झालेली असते. झीज नको तिथे दिसली, किंवा हवी तिथे दिसलीच नाही, की तो भिंग काढतो. बॅरलवरची अक्षरं उथळ झालीत का, रिसिव्हरच्या कडा गोलसर झाल्यात का, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडलाय का, हे पाहतो. ही पॉलिशच्या चाकाची सही. लाकूडही बोलतं. मूळ दस्ता धातूपेक्षा केसभर उंच असतो, सँडपेपर फिरला की तो धातूखाली बसतो. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीच्या १८७३ मॉडेलचा घोडा आणि लिव्हर कारखान्यातून केस-हार्डनिंगच्या (लोखंडाचा पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेच्या) रंगछटा घेऊन येत, ते एकसारखे काळेकुळकुळीत दिसले तर शंका घ्यावी. स्क्रूच्या खाचा विस्कटलेल्या असल्या तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने हौस भागवली आहे. या माणसाला माफी नाही.

मॉडेलचं साल म्हणजे बनावटीचं साल, ही समजूत फार पक्की असते. बंदूकरचनाकार जॉन ब्राउनिंगने रचलेलं विंचेस्टरचं मॉडेल १८९४ विसाव्या शतकभर बनत राहिलं, सत्तर लाखांहून अधिक. तेव्हा सीरियल नंबर पाहायचा: १८७३ ला लिव्हरमागच्या खालच्या पट्टीवर, १८९४ ला रिसिव्हरच्या खालच्या अंगाला, पुढे. अमेरिकी संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते, नंतरची नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. पुढचा उंबरठा १९६४ चा. त्या वर्षी विंचेस्टरने उत्पादन स्वस्त केलं, म्हणून विकणारा ‘प्री-सिक्स्टीफोर’ (१९६४ च्या आधीची) हा शब्द ठासून उच्चारतो. स्मरणार्थ काढलेल्या सोनेरी मढवणीच्या आवृत्त्या मात्र इतक्या निघाल्या की दुर्मिळपणा डब्यावरच उरला.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या बंदूक संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत. शुल्क भरलं की नंबरवरून पत्र मिळतं: काडतूस कोणतं, बॅरल गोल की अष्टकोनी, चाप साधा की सेट (आधी सज्ज करून हलक्या दाबाने सुटणारा), माल कधी रवाना झाला. १८९४ च्या नोंदी साधारण साडेतीन लाखाव्या नंबरापर्यंतच आहेत. अर्धी मॅगझिन (बॅरलखालची काडतुसांची नळी आखूड) किंवा टेक-डाउन, म्हणजे दोन भागांत सुटणारी बांधणी पत्रात निघाली तर भाव उडी मारतो. पत्रात गोल बॅरल आणि हातात अष्टकोनी, तर तो खाली येतो. आजोबांनी ही रायफल कुणा प्रसिद्ध शेरीफकडून घेतली, ही गोष्ट घरात लाखमोलाची असते, पण जुनं पत्र किंवा पावती नसेल तर बाजारात तिला शून्य भाव.

आणि भाव तरी कुठला? विम्यासाठी बदलीचा खर्च, करासाठी मृत्यूच्या दिवशीचा रास्त बाजारभाव. विक्रेता विकत घेताना अर्थातच त्याहून कमी देतो, त्यालाही दुकान चालवायचं असतं. लिलावात आधी नेमक्या अशाच रायफली कितीला गेल्या ते पाहावं. मागितलेली किंमत कुणीही लिहू शकतो.

नळी आतून पाहायची असते. काळ्या बारुदीच्या काळात साफसफाई चुकली की आत खड्डे पडत. पण त्याआधी रायफल रिकामी आहे का? तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, लिव्हर पुनःपुन्हा चालवायची, चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी पाहायचं, मग मॅगझिनच्या तोंडाशी स्प्रिंगच्या टोकाची टोपी दिसते का तेही. मॅगझिनची नळी पोचलेली असली किंवा स्प्रिंग थकलेली असली तर काडतूस आतच अडकून बसतं. लिव्हर कितीही हलवा, बाहेर काही पडत नाही, आणि सगळ्यांना वाटतं बंदूक रिकामी आहे.