आठ आणे आइन्स्टाइन

घरच्या कॉम्प्युटरचा मोकळा वेळ शास्त्रज्ञांच्या प्रकल्पांना वाटून देणारं बॉइंक हे सॉफ्टवेअर उघडून बघावं तर आइन्स्टाइन नावाच्या प्रकल्पाची टास्क प्रोसेसरच्या सगळ्या कोअर (एका वेळी एकेक काम उरकणारे भाग) अडवून बसलेली, रोझेटाचं एक टास्क अर्ध्यावर ताटकळलेलं, आणि सर्नच्या नावापुढे काहीच नाही. मी नेमून दिलेलं हे नव्हे. आइन्स्टाइन अ‍ॅट होमला 200, प्रथिनांचे आकार शोधणाऱ्या रोझेटा अ‍ॅट होमला 100 आणि सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या एलएचसी अ‍ॅट होमला 100, असे हिस्से मी स्वतः त्या त्या प्रकल्पाच्या वेबसाइटवर जाऊन भरलेत. (काहीच भरलं नाही तर सगळ्यांना सरसकट 100.) म्हणजे अर्धा, पाव, पाव. पण ही खिडकी उघडून अर्धा-पाव-पाव दिसलंय असं क्वचितच होतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1999 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने ‘सेटी अ‍ॅट होम’ सुरू केलं. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या गोंगाटात परग्रहावरचं कुणी बोलतंय का, हे जगभरच्या लोकांनी आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर तपासायचं. नुसत्या मोकळ्या बसलेल्या मशीनवर. लोक तुटून पडले. पुढे सेटीच्याच डेव्हिड अँडरसन आणि मंडळींनी त्यातूनच बॉइंक काढलं, म्हणजे एकच सॉफ्टवेअर आणि त्यावर हवे तितके प्रकल्प. याला एक घरगुती कारणही होतं. सेटीचा सर्व्हर दर मंगळवारी डागडुजीसाठी बंद असायचा, आणि हाताशी काम साठवलेलं नसेल तर मशीनला मंगळवारचा उपास घडायचा. दुसरा प्रकल्प जोडलेला असला की प्रश्न मिटला. आणि लगेच नवा उभा राहिला: कुणाला किती?

आई हल्ली माझ्याकडे असते. कोपऱ्यात दिवसरात्र घुरघुरणारा डबा तिला आवडत नाही.

“कुणाचं काम करतोय हा?”

“शास्त्रज्ञांचं.”

“आणि बिल?”

“आपलं.”

यावर ती काही बोलली नाही, पण हिश्शांचं सांगितल्यावर एकदम रस घेऊन ऐकायला लागली. तिच्या माहेरी सामाईक विहीर होती. आठ आणे थोरल्या काकांचे, चार-चार आणे धाकट्या दोघांचे. आठाची पाळी: चार दिवस थोरल्यांची मोटार, दोन दिवस मधल्यांची, दोन दिवस धाकट्यांची. “म्हणजे तुझा आइन्स्टाइन आठ आण्यांचा धनी,” ती म्हणाली. आणि मग विहिरीवर वाढलेल्या माणसालाच सुचेल असा प्रश्न: “पाळीच्या दिवशी लाइट गेली तर?”

विहिरीवर त्याचं उत्तर सोपं होतं. गेली तर गेली. पाळी संपली की दुसऱ्याची मोटार चालू, तुम्ही बांधावर बसून बघायचं. त्यावरून दोन भावांचं बोलणं बंद झालेलं तिने पाहिलंय.

बॉइंक मात्र पाळीचं घड्याळ लावतच नाही. ते खातं ठेवतं. प्रत्येक प्रकल्पाच्या नावावर, अलीकडे त्याचं अंदाजे किती काम करून दिलं, हा एक आकडा असतो. तासाभराने (सेटिंगला हात लावला नसेल तर साठ मिनिटांनी) कोअरवर कुणाला बसवायचं हे ठरवताना ते बघतं की आपल्या हिश्शाच्या मानाने सगळ्यात मागे कोण आहे. जो मागे, त्याचं टास्क पुढे. लाइट गेली, सर्व्हर पडला, काम संपलं, काहीही होवो. मागे राहिलेल्याला पुढे झुकतं माप मिळतं. म्हणून तुम्ही कुठल्या एका क्षणी पाहाल तर वाटणी वाकडी दिसते. महिनाभराची बेरीज करा, ती बरीचशी सरळ येते.

मला यातली खरी गंमत दुसरीकडे वाटते. हे खातं विसराळू आहे, आणि मुद्दाम विसराळू केलेलं आहे. आज केलेल्या कामाचं वजन दहा दिवसांनी निम्मं धरलं जातं, वीस दिवसांनी पाव. सर्नचं बघा. त्यांच्या सिक्सट्रॅकचं काम, म्हणजे एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्राच्या भल्याथोरल्या कड्यात फिरणारे कण वाटेवर टिकतात की भरकटतात याचं गणित, कधी लोंढ्याने यायचं आणि मग आठवडेच्या आठवडे शुकशुकाट. असा हिस्सेदार परत आला की त्याचं खातं जवळजवळ कोरं झालेलं असतं, म्हणून काही दिवस तोच मशीनवर ठाण मांडतो. पण सहा महिन्यांची थकबाकी एकदम वसूल करायला बसत नाही. खातं वर चढत गेलं की आपल्या चार आण्यांवर येऊन ठरतो. आणि इतरांनी त्या काळात जास्त घेतलेलं? तेही विसरलं जातं. आईच्या मते भावकीत हे चालायचं नाही. भावकीला आजोबांच्या वेळचंसुद्धा आठवतं.

मग त्या दिवशी आइन्स्टाइनने सगळ्या कोअर का अडवल्या होत्या? तर दिवाळीत घर बंद होतं आणि मशीनही. प्रत्येक टास्कला परत करायची मुदत असते. आइन्स्टाइनची साधारण दोन आठवड्यांची. तोवर निकाल गेला नाही तर तेच काम दुसऱ्या कुणाकडे पाठवलं जातं, आणि तुमचे तास पाण्यात जाऊ शकतात. म्हणून बॉइंक अधूनमधून मनातल्या मनात पुढचे दिवस चालवून बघतं: हिश्शाप्रमाणे गेलो तर कुणाला उशीर होईल का? या अंदाजात तुमचं मशीन एरवी दिवसाचा किती भाग चालू असतं याचीही नोंद धरलेली असते. उशीर होणार असं दिसलं की हिस्सेबिस्से बाजूला, ज्याची मुदत आधी भरते तो आधी. पण खात्यावर हे सगळं मांडलं जातंच, आणि गर्दी ओसरली की रोझेटाचं टास्क पुढे सरकतं. विहिरीवरही एकदा असं झालं होतं म्हणे. धाकट्याचा कांदा करपत होता म्हणून थोरल्यांनी आपली पाळी सोडली. फक्त ते कुणी लिहून ठेवलं नाही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. खातं तासांचं नाही, कामाचं आहे. मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड असेल तर ते प्रोसेसरच्या कैक पट काम उपसतं, आणि दोन्हीचा हिशेब एकाच खात्यात पडतो. आइन्स्टाइनकडे ग्राफिक्स कार्डावर चालणारी टास्क आहेत. त्याचे आठ आणे त्या एका कार्डावरच भरून वाहतात, मग प्रोसेसरच्या कोअर जवळजवळ सगळ्या बाकीच्यांकडे. बेरीज बरोबर आहे, तक्रारीला जागा नाही, तरी मनाला लागतं. कार्डाचं एक आणि प्रोसेसरचं एक अशी दोन खाती असती तर हिस्से भरणाऱ्याला आपण नक्की काय भरतोय ते कळलं असतं.

मुळात आइन्स्टाइनलाच आठ आणे का, हे मला आईने विचारलं नाही, पण सांगतो. रोझेटा ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्मला त्या डेव्हिड बेकर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे त्याचं काही वाईट चाललेलं नाही. आइन्स्टाइन अ‍ॅट होम गुरुत्वीय लहरींच्या लायगो वेधशाळांची माहिती चाळतं, फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांची अगदी बारीक, अखंड गुणगुण ऐकू येते का ते बघत. ती अजून लागलेली नाही. मात्र त्याच प्रकल्पाला अरेसिबोच्या माहितीत 2010 मध्ये नवा पल्सार (फिरता फिरता रेडिओ लहरींचे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा) सापडला, सेकंदाला चाळीसेक गिरक्या घेणारा, आणि तो आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या एकाच्या कॉम्प्युटरवर. लायगोची भारतातली वेधशाळा होतेय ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. 2023 मध्ये केंद्र सरकारने 2600 कोटी मंजूर केले. मराठवाड्याच्या माणसाला एवढा पक्षपात माफ असावा.

आता चौथा हिस्सेदार. प्राइमग्रिड, मोठमोठ्या मूळ संख्या शोधणारा. त्याला मी शून्य दिलंय. बॉइंकमध्ये शून्याचा अर्थ हाकलून देणं नव्हे. बाकी कुणाकडेच काम नसेल तेव्हा याच्याकडून जेवढ्यास तेवढं मागून आणायचं, साठा करायचा नाही. एकदा रोझेटा रिकामा, सर्न रिकामं आणि आइन्स्टाइनचा सर्व्हर बंद असा योग आला, तेव्हा रात्रभर हाच चालला.

“कागदावर नाव नाही आणि पाणी मिळतं?” आईने विचारलं.

“बाकीच्यांना नको असेल तेव्हाच.”

“मग त्याला आणे लावून देऊ नकोस,” ती म्हणाली, “भांडायला लागेल.”