पिशवीभर डॉलर, त्यातला एक चांदीचा

मी अमेरिकेत, नेवाडा राज्यातल्या रेनोमध्ये नाण्यांच्या दुकानात काउंटरवर बसतो. 'चांदीचे डॉलर' घेऊन लोक सारखे येतात आणि बहुतेक वेळा त्यांत चांदी नसते. सत्तरच्या दशकात नेवाडाच्या कॅसिनोंमध्ये आयसेनहॉवरचा डॉलर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांची छबी असलेलं एक डॉलरचं नाणं, सर्रास चालायचा. बाकी अमेरिकेने मात्र ३८ मिलिमीटरचं ते धूड खिशात बाळगायला फारसा उत्साह दाखवला नाही.

त्या दिवशी आलेले गृहस्थ म्हणजे कॅसिनोत ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटण्यात आयुष्य काढलेले निवृत्त डीलर. टिपमध्ये मिळालेले हे आयसेनहॉवर डॉलर त्यांनी कॅनव्हासच्या पिशवीत साठवले होते. चांदी वधारल्याचं ऐकून पिशवीचं वजन आणि चांदीचा भाव यांचा गुणाकारही कागदावर करून आणला होता.

मी एक नाणं उचलून त्याची कड दाखवली. दातेऱ्यांमधून तांबूस रेघ स्पष्ट दिसत होती. आत शुद्ध तांबं, वरखाली तांबं-निकेलचा पातळ थर, वजन २२.६८ ग्रॅम. चांदी शून्य.

"माझ्या वडिलांचे डॉलर तर चांदीचे होते!"

त्यांचं खरंच होतं. त्याआधीच्या मॉर्गन आणि पीस नावाच्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असे, पण चलनातल्या पीस डॉलरवरचं शेवटचं साल १९३५. (आपल्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला, तरी राणीछापाच्या आठवणीने प्रत्येक जुन्या रुपयाला चांदीचा समजणारे आपल्याकडे आहेतच.) आयसेनहॉवर डॉलर १९७१ ते १९७८ दरम्यान निघाला. त्याची ४० टक्के चांदीची आवृत्ती फक्त संग्राहकांसाठी होती. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेली, सालाच्या वर 'एस' खूण असलेली. साधं नाणं निळ्या पाकिटात, प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेलं) तपकिरी डब्यात. वजन २४.५९ ग्रॅम, त्यात चांदी जेमतेम दहा ग्रॅम. असं पाकीट फोडून पत्त्यांच्या टेबलावर टिप कोण ठेवणार?

त्यांचा चेहरा इतका पडला, की दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी सगळीच नाणी तपासायला घेतली. कड बघायची, खूण बघायची, बाजूला ठेवायचं. बराच वेळ नुसती तांबूस रेघ. मग एका नाण्याची कड पांढरी दिसली. 'एस' असणार म्हणून भिंग लावलं, तर साल १९७४ आणि खूण 'डी', म्हणजे डेन्व्हर. काट्यावर २४.५ ग्रॅम.

डेन्व्हरला चांदीचे डॉलर पाडायचेच नव्हते. पण चांदीच्या काही चकत्या तिथल्या तांबं-निकेलच्या चकत्यांत मिसळल्या आणि छापल्या गेल्या, हे नाणेसंग्राहकांना ठाऊक आहे. मी वाचलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. गृहस्थांनी ते उचललं आणि सवयीने शर्टाला पुसायला निघाले. मी चक्क त्यांचं मनगट धरलं. पुसलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहक लगेच भाव पाडतात.

"म्हणजे यात दहा ग्रॅम चांदी?"

"चांदी तेवढीच. पण 'एस' असता तर चांदीच्या किमतीवर थोडेच पैसे मिळाले असते. खरा ठरला तर चुकून निघालेल्या या दुर्मिळ 'डी'चे हजारांत मिळतील."

हे त्यांना पटेना. एकाच धातूला दोन भाव कसे, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. पत्त्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाने हे विचारावं याची मला गंमत वाटली.

आमच्या मालकांनी तिथेच रोख रक्कम देऊ केली. मी गृहस्थांना हळूच म्हटलं, आधी पीसीजीएसकडे, म्हणजे नाणी पारखून देणाऱ्या कंपनीकडे पाठवून प्रमाणित करून घ्या. मालकांनी माझ्याकडे पाहिलं ते पाहिलंच. अस्सल असल्याचा निर्वाळा आला, तेव्हा गृहस्थांनी ते नाणं लिलावाला दिलं. आमच्या दुकानाला त्यातून काहीच मिळालं नाही. बाकीची पिशवी त्यांनी बँकेत भरली, एका नाण्याला एक डॉलर या हिशेबाने.