च्यांग राय ते मे साय: लोकल बसने सीमेपर्यंत

थायलंडचं उत्तर टोक बघायला टूर घेऊ नका, लोकल बस पुरते. च्यांग राय गावातल्या जुन्या स्टँडवर, नाइट बाजाराजवळच्या टर्मिनल १ वर जा. टर्मिनल २ शहराबाहेर आहे आणि नवखी माणसं नेमकी तिथेच जातात. मे सायची बस साधी, पंख्याची. तिकीट गाडीतच फाडतात, म्हणून वीस-वीस बाथच्या नोटा सुट्ट्या ठेवा. साधारण ६० किलोमीटर, दीड तास.

बस सीमेवरच्या पुलापर्यंत जात नाही. मे सायचा स्टँड सीमेच्या बराच अलीकडे आहे. तिथून लाल सोंगथेव पकडायची, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकडी टाकलेली पिकअप. उतरताना छतावरची घंटी दाबायची आणि पैसे ड्रायव्हरला द्यायचे.

पुलाखालची साय नदी अगदी अरुंद आहे. पलीकडे म्यानमारचं ताचिलेक. खरं दृश्य दिसतं ते ‘वाट फ्रा थाट दोई वाओ’ या बौद्ध मंदिराच्या टेकडीवरून. पायऱ्या चढा, दोन्ही गावांची छपरं एकाच नजरेत येतात. हे चुकवू नकाच.

मूळ पासपोर्ट जवळ हवाच, कारण परतीच्या वाटेवर बस थांबवून तपासणी होते. पूल ओलांडलात की थायलंडमध्ये राहायची मिळालेली परवानगी संपते. आधी री-एंट्री परमिट, म्हणजे तीच परवानगी टिकवून परत येण्याचा परवाना, घेतलेलं नसेल तर जाऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये या नदीच्या पुराने बाजारपेठ चिखलात गेली होती, तेव्हा पावसाळ्यात चौकशी करूनच निघा. परतीची शेवटची बस कधी, हे स्टँडवर उतरल्याउतरल्या विचारून घ्या. संध्याकाळनंतर गाडी मिळत नाही.