निचिजोचा मॅड व्हिडिओ, कामाची वही : ११ फ्रेमचा ठेका आणि ४४ फ्रेमची शांतता

मॅड म्हणजे ॲनिमेचे तुकडे गाण्यावर बसवून चाहत्यांनी केलेला व्हिडिओ. काम कुठवर आलंय ते आधी. एकूण लांबी २२०० फ्रेम, म्हणजे १ मिनिट ३२ सेकंदांना जरा कमी. चार-चार मात्रांची ५० आवर्तनं. पहिली ३१ पक्की झाली. ३२वं आणि शेवटची दहा कच्ची लावून ठेवलीत. मधली आठ, ३३ ते ४०, पुन्हा रिकामी केली आहेत. का, ते आवाजाच्या नोंदीत येईल.

मालिका इथे सगळ्यांना पाठ आहे, तरी नव्यांसाठी दोन ओळी. निचिजो म्हणजे रोजचं, नेहमीचं. केइइची आरावी यांची मांगा (जपानी चित्रकथा) २००६ मध्ये सुरू झाली. क्योतो ॲनिमेशनने २०११ मध्ये तिचे २६ भाग केले, दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. यूको, मिओ, माई या शाळकरी मैत्रिणी. पाठीवर चावी असलेली यंत्रमुलगी नानो, तिला बनवणारी आठ वर्षांची हाकासे, आणि लाल स्कार्फ बांधला की बोलणारा साकामोतो बोका. डब्यातला सॉसेज हातातून निसटला तर जगबुडी आल्यासारखं चित्रण, आणि मुख्याध्यापक हरणाला कुस्तीतला सुप्लेक्स मारतात तेव्हा मात्र कुणी काही बोलत नाही, असा सगळा उलटा हिशेब. या व्हिडिओत तोच हिशेब पाळायचा आहे. हसू कटमध्ये नाही, थांब्यात आहे. दर मात्रेला कट मारत गेलं की चित्रं छान नाचतात आणि विनोद मरतो. निचिजोचे बरेच फॅन व्हिडिओ नेमके इथेच फसतात.

सोर्स

ब्लू-रेच घ्या. १०८०पी, सेकंदाला २३.९७६ फ्रेम, काहीही उकलत बसावं लागत नाही. जपानी डीव्हीडी २९.९७ इंटरलेस्ड (फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्यांत साठवलेली) असते आणि तिच्यात दर ५ फ्रेमपैकी २ फ्रेममध्ये दोन वेगळ्या चित्रांच्या रेघा मिसळलेल्या असतात. त्यावर सरळ डीइंटरलेस फिल्टर मारला की रेघा जातात, पण जादाची फ्रेम तशीच राहते आणि प्रत्येक पॅन शॉट (कॅमेरा सरकत जातो तो) चालता चालता ठेचकाळतो. तिथे टीएफएम (जुळणारे अर्धे जोडणारा फिल्टर) आणि मग टीडेसिमेट (जादाची फ्रेम काढणारा), याच क्रमाने, म्हणजे मूळचे २३.९७६ परत मिळतात. २०१२ मध्ये एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीवर हीच मालिका नव्याने संकलित करून १२ भागांत दाखवली होती. तिच्यात तुकड्यांचा क्रम वेगळा आहे. त्यामुळे कुणाच्या यादीतला टाईमकोड घेताना तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे आधी पाहा.

ब्लू-रेची फाईल सरळ टाईमलाईनवर टाकू नका. तिच्यात पूर्ण चित्र मधूनमधूनच साठवलेलं असतं, बाकीच्या फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवरून बांधल्या जातात. एडिटरमध्ये एक फ्रेम मागे-पुढे करताना तो भलतीच फ्रेम दाखवतो आणि कट एका फ्रेमने चुकतो. तिचं डीएनएक्सएचआर एचक्यू किंवा प्रोरेस ४२२ एचक्यू करून घ्या, या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली असते. साधारण १७५ मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे मिनिटाला १.३ जीबी. अख्खा भाग केला तर तीस जीबीच्या वर जातो, म्हणून लागणारे शॉटच काढायचे, दोन्ही बाजूंना दोन-दोन सेकंद हातचे ठेवून.

टाईमलाईन २३.९७६ चीच हवी. २४ ठेवली तर दर ४१-४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा येते. हे कदाचित कुणाला दिसणारही नाही. ३० ठेवली तर मात्र सगळंच बिघडतं, कारण एकेक चित्र दोन फ्रेम धरलेला शॉट २, ३, २, ३ असा लंगडायला लागतो.

रंग तपासायला साकामोतोसारखा दुसरा नमुना नाही. काळा बोका, लाल स्कार्फ. रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे) चुकली, म्हणजे १६ ते २३५ ऐवजी ० ते २५५ धरली गेली किंवा उलट झालं, तर त्याचा काळा रंग एक तर राखाडी पडतो, नाहीतर अंगावरच्या रेघा गिळून नुसता डाग उरतो. ६०१ (डीव्हीडीची रंगपद्धत) आणि ७०९ (एचडीची) यांची गल्लत झाली असेल तर स्कार्फचा लाल हलतो. दर एक्स्पोर्टनंतर त्याची एकच फ्रेम मूळ डिस्कशेजारी ठेवून पाहायची, बस.

लय

ट्रॅक फक्त वाद्यांचा आहे, १२८ बीपीएम (मिनिटाला मात्रा). २३.९७६ ला एक मात्रा ११.२४ फ्रेमची होते. ही पाव फ्रेम साठत जाते. चार मात्रांनी जवळजवळ एक पूर्ण फ्रेम, मग कुठे ११ वर कट, कुठे १२ वर, आणि पक्का झालेला तुकडा उचलून दुसरीकडे नेला की कुठलाच कट जागेवर बसत नाही. उपाय जुनाच आहे : १४३८.५६ ला, म्हणजे मिनिटातल्या फ्रेमना, मात्रेच्या फ्रेमसंख्येने भागा. १२ फ्रेमला ११९.८८ बीपीएम, ११ ला १३०.७८, १० ला १४३.८६, ९ ला १५९.८४. आपल्या गाण्याच्या जवळचा आकडा निवडा आणि गाणंच तेवढं हलवा. इथे १२८ वरून १३०.७८, म्हणजे २.१७ टक्के जलद. आता मात्रा बरोबर ११ फ्रेमची, आवर्तन ४४ चं, आणि सम कुठेही बोटावर मोजता येते.

पण ११ हा विषम आकडा आहे आणि त्याची किंमत मोजावी लागते. ॲनिमेशनमध्ये एक चित्र बहुधा दोन फ्रेम धरलेलं असतं, सेकंदाला १२ चित्रं. शांत प्रसंगात तीन फ्रेम, सेकंदाला ८. दोनच्या शॉटला ११ फ्रेमवर कापलं की शेवटचं चित्र एकच फ्रेम दिसतं. डोळ्याला तो कट वाटत नाही, झटका वाटतो. म्हणून अशा जोडशॉटला ११-११ ऐवजी १० आणि १२ द्यायचे. आधी १० आणि मग १२, उलट नाही. मधला कट एक फ्रेम लवकर पडला तर चालतो. एक फ्रेम उशिरा पडला की लगेच ढिला वाटतो. तीनच्या शॉटला ही अडचण नाही, ३+३+३+२ सहज खपून जातं.

वेग वाढवायचा झाल्यास तीनच्या शॉटला १५० टक्के द्या, तो स्वच्छ दोनचा होतो. दोनच्या शॉटला २०० टक्के. १२०, १३० असले मधले आकडे नकोत, चित्रं वेडीवाकडी गळतात. वेग कमी करताना एडिटरचं फ्रेम ब्लेंडिंग आणि ऑप्टिकल फ्लो दोन्ही बंद ठेवा. रेघांच्या चित्रात ते मधलं काहीतरी शोधायला जातात आणि मिओचे केस तिच्या गालात वितळतात. आणखी एक, पात्र दोनवर हलत असलं तरी कॅमेऱ्याचा पॅन अनेकदा एकेक फ्रेमवर चालतो. तिथे दुहेरी फ्रेम समजून काही काढलं की पार्श्वभूमी उडी मारते.

थांबे

आवर्तन १७ ते २०, फ्रेम ७०४ ते ८७९ : यूकोचा ऑक्टोपसच्या आकाराचा सॉसेज. हा प्रसंग मुळातच संथ आणि भव्य कापलेला आहे. त्यावर आपला ठेका चढवला की दोन ताल एकमेकांशी भांडतात. पहिल्या तीन खर्ड्यांत तो नऊ तुकड्यांत कापला होता, आणि नुसता सॉसेज पडतोय एवढंच कळत होतं. तिच्यावर काय कोसळलंय ते नाही. चौथ्या खर्ड्यात १७६ फ्रेम सलग ठेवल्या, कट मूळचेच, आणि हात फक्त संगीताला लावला. लो-पास फिल्टर ४०० हर्ट्झवर आणला, म्हणजे झांजा आणि तंतुवाद्यं बुजून खालचा धबधब तेवढा उरतो. २१व्या समेला फिल्टर एकदम उघडायचा. हळूहळू उघडला तर सुटका होत नाही.

आवर्तन २८-२९ : मुख्याध्यापक आणि हरीण. दणका बरोबर समेवर, फ्रेम १२३२. त्यानंतर संगीत बंद. प्रश्न होता किती वेळ. एक मात्रा, म्हणजे ११ फ्रेम, बंद ठेवल्यावर फाईल अडकल्यासारखं वाटलं. दोन मात्रांनी ते मुद्दाम केलंय हे कळलं, पण हसू आलं नाही. पूर्ण आवर्तन, ४४ फ्रेम, १.८ सेकंद ठेवल्यावर जमलं. कारण सरळ आहे : अठ्ठावीस आवर्तनं ऐकलेला कान समेची वाट पाहायला शिकलेला असतो, तो मनातल्या मनात चार मोजतो, आणि त्या मोजण्यातच माणूस फुटतो. म्हणून असा थांबा व्हिडिओच्या सुरुवातीला चालत नाही. कानाला आधी ठेका लागायला हवा. एवढ्या लांबीच्या व्हिडिओत असे दोनपेक्षा जास्त नकोत.

या ४४ फ्रेम निर्वात ठेवू नका. संगीताची घुमार तीनशे मिलिसेकंदांत विरू द्या, कापल्या जागी ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या नाहीतर टिचकी ऐकू येते, आणि खाली मूळ प्रसंगातला आसपासचा आवाज हलकासा चालू राहू द्या. चित्रही गोठवलेली एकच फ्रेम नको. मूळ शॉटमध्ये पान हललं तरी पुरे. पूर्ण गोठलेलं चित्र आणि पूर्ण शांतता एकत्र आली की बघणारा मोबाईल तपासायला लागतो.

आरावींच्या ‘सिटी’ या दुसऱ्या मांगाचं ॲनिमेशनही क्योतो ॲनिमेशननेच केलं, २०२५ मध्ये. दोन्हीतले शॉट मिसळायची सूचना दोघा-तिघांकडून आली. सहा शॉट लावून पाहिले आणि काढले. तिथले रंग सपाट, पार्श्वभूमीसुद्धा रेघांनी बांधलेली. निचिजोच्या मऊ पार्श्वभूमीशेजारी प्रत्येक कट दुसऱ्याच व्हिडिओत गेल्यासारखा वाटतो. त्याचा वेगळा व्हिडिओच व्हायला हवा, आणि तो झाला तर सुरेख होईल.

आवाज

३३ ते ४० या आवर्तनांत पात्रांच्या आवाजाचे तुकडे सुरात लावून धून वाजवायची आहे, जपानी ओतोमॅडची पद्धत. तुकडे शोधायला शिनोनोमे प्रयोगशाळेतले घरगुती प्रसंग सगळ्यांत चांगले, मागे संगीत कमी असतं. मागे वाद्यमेळ असलेला संवाद सॉफ्टवेअरने कितीही वेगळा केला तरी स्वर ताणल्यावर त्याची भुरभुर वर येते. लांब स्वर हवा : नानो ‘हाकासे’ म्हणून हाक मारते त्यातला शेवटचा ए उत्तम. माईचा आवाज सपाट आणि तुटक, धुनेला नाही पण ठेक्याला छान बसतो. मूळ सुरापासून वर-खाली चार सेमीटोनपर्यंत (पेटीवरच्या लगतच्या चार पट्ट्या) पात्र ओळखू येतं, त्यापुढे फॉर्मंट (आवाजाची ओळख ठरवणारं गुंजन) जपूनही कार्टून होतं.

आता ही आठ का रिकामी केली. गाणं २.१७ टक्के जलद करताना दोन वाटा असतात. सूर राखून ताणलं तर ढोलाचा ठोका फाटतो, टप्पच्या जागी ट्रप्प येतं. नुसता वेग वाढवला तर ठोका स्वच्छ राहतो, पण सूर ३७ सेंट चढतो, एका सेमीटोनच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. ठोका महत्त्वाचा म्हणून दुसरी वाट घेतली. आवाजाचे तुकडे मात्र ४४० हर्ट्झच्या पट्टीवर लावलेले होते आणि संगीत तोवर जवळपास ४४९.५ ला गेलेलं. वेगवेगळं ऐकलं तर दोन्ही सुरात, एकत्र लावलं की दात आंबतात. सगळे तुकडे ३७ सेंट वर नेऊन पुन्हा लावणं चालू आहे. क्रम लक्षात ठेवा : आधी गाण्याचा वेग, मग ट्यूनर गाण्याला जुळवा, मग आवाज.

तुकडा बसवताना समेवर स्वर यायला हवा, व्यंजन नाही. ‘स’ची सळसळ ८०-९० मिलिसेकंद चालते, म्हणजे दोन फ्रेम. तुकडा तेवढा आधी सुरू करायचा. फाईलची सुरुवात समेवर ठेवली की गाणारा मागे राहिल्यासारखा वाटतो.

तोंडं

संवादात तोंडाची चित्रं बहुतेक तीनच असतात : मिटलेलं, अर्धं, उघडं. तिन्ही असलेला एक स्थिर शॉट घ्या, तीन फ्रेम काढा, ओठांभोवती मास्क लावा आणि अक्षराप्रमाणे बदला. अर्ध्या मात्रेला ५ किंवा ६ फ्रेम मिळतात : तीन उघडं, बाकी अर्धं किंवा मिटलेलं. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना तोंड मिटलेलंच हवं, निदान दोन फ्रेम. बाकी अक्षरांत ढिलाई खपते, इथे नाही. तोंड आवाजाच्या एक फ्रेम आधी उघडलं तर चालतं. आवाज आधी आणि तोंड नंतर हे कुणीही पकडतं.

एक्स्पोर्ट

एक्स२६४ एन्कोडर, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १६, स्लो प्रीसेट, ॲनिमेशन ट्यून. आकाशाच्या छटांमध्ये पट्टे दिसत असतील तर डीबँड (पट्टे मिटवणारा फिल्टर) आणि त्यावर अगदी बारीक ग्रेन (दाणेदारपणा), नाहीतर ८ बिटमध्ये पट्टे परत येतात. यूट्यूबसाठी १४४० ला मोठं करून चढवा, १०८० पेक्षा जास्त बिटरेट मिळतो. आवाज -१४ एलयूएफएस (सरासरी मोठेपणा), ट्रू पीक (सगळ्यांत उंच टोक) -१ डीबी.

उरलेल्या आठांत सगळ्यांत अवघड जागा ४०व्या आवर्तनाची शेवटची मात्रा आहे. हाकासेचा ‘सामे’, म्हणजे तिचा लाडका शार्क. ‘सा’चा स्वर फ्रेम १७४९ वर, म्हणजे तुकडा १७४७ पासून. तोंड १७५२ पर्यंत उघडं, १७५३ आणि १७५४ वर ‘म’साठी मिटलेलं, ‘मे’ १७५५ वर. सध्या मिटलेलं तोंड एकच फ्रेम मिळतंय, कारण हाकासेचा ‘सा’ लांब आहे. तो ४० मिलिसेकंदांनी छाटून पुढच्या खर्ड्यात लावला जाईल.