बियांका की फ्लोरा: मूळ कॅसेटवर 'ड्रॅगन क्वेस्ट ५' पूर्ण करताना

"बियांका की फ्लोरा?" चाळिशी ओलांडलेल्या जपानी माणसाला हे विचारून बघा. लग्न कुणाशी करायचं, असा तो प्रश्न. लग्न खेळातलं, पण उत्तर देणारा तीस वर्षांनंतरही पोटतिडकीने बोलतो. २७ सप्टेंबर १९९२ ला एनिक्स कंपनीचा 'ड्रॅगन क्वेस्ट ५' हा व्हिडिओ गेम निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रावर आला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. माझ्या ऑफिसात दुपारच्या जेवणाला विषय निघाला की अजूनही दोन तट पडतात.

मी तोक्योत, निशी-कासाईला राहतो. जपानी पुण्यात शिकलो आणि नोकरीसाठी इकडे आलो. हा खेळ मी पूर्वी निन्टेन्डो डीएसवर इंग्रजीतून संपवला होता. जपानात २००८ मध्ये आणि इंग्रजीत २००९ मध्ये निघालेली ती आवृत्ती. तिच्यात देबोरा नावाची तिसरी वधूही आहे. त्यामुळे वादात मीही हिरिरीने उतरायचो, अर्थात बियांकाच्या बाजूने. एकदा माझे एक वरिष्ठ सहकारी, पक्के फ्लोरावाले, शांतपणे म्हणाले, "तुम्ही खेळलात तो खेळ छानच आहे. पण आम्ही भांडलो तो वेगळ्या खेळावरून. आमच्या कॅसेटमध्ये त्या दोघी फारशा बोलतच नाहीत."

त्यांचं म्हणणं खरं होतं. सोबत्यांशी चालता चालता गप्पा मारायची सोय या मालिकेत सातव्या भागात आली. पाचव्या भागाला ती मिळाली थेट २००४ च्या प्लेस्टेशन २ आवृत्तीत. डीएसवर पावलापावलाला बायकोची प्रतिक्रिया ऐकायला मिळते. १९९२ च्या मुलांकडे मात्र मोजके संवाद आणि इवल्याशा ठिपक्यांच्या आकृत्या होत्या, बाकीचं ज्याचं त्याने मनात भरायचं. वाद समजून घ्यायचा तर तोच खेळ, त्याच यंत्रावर, त्याच भाषेत खेळायला हवा, असं माझं मत झालं आणि मी कामाला लागलो.

सुपर फॅमिकॉम मिळवणं सोपं. अकिहाबारातल्या सुपर पोतेतोमध्ये जुनी यंत्रं आणि कॅसेटी मांडणीवर ओळीने लावलेल्या असतात. नाकानो ब्रॉडवेतही चांगला माल मिळतो. पण किंमत आणि मजा दोन्ही बघायच्या असतील तर जुन्या वस्तू विकणाऱ्या हार्ड ऑफ या दुकानांतल्या 'जंक' टोपल्या धुंडाळाव्यात. तिथे वस्तू चालेल याची हमी नसते, म्हणून ती स्वस्त असते. 'ड्रॅगन क्वेस्ट ५' ची कॅसेट मला अशाच एका टोपलीत मिळाली. नवी होती तेव्हा ९,६०० येनची, आता एका साध्या जेवणाच्या पैशात. मागच्या बाजूला मार्करने कुणा मुलाचं नाव लिहिलेलं, अर्धं पुसलेलं. संग्राहकांना असा डाग नको असतो. मला तर तो बघूनच ती उचलावीशी वाटली.

आमच्या लहानपणी महाराष्ट्रातही टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघर होते. बहुतेक सुपर फॅमिकॉमच्या आधीच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला, आणि आपणही 'कॅसेट'च म्हणायचो. मारिओ, कॉन्ट्रा सगळ्यांनी खेळलं. पण 'ड्रॅगन क्वेस्ट'सारखे, कथेतलं पात्र होऊन खेळायचे रोल प्लेइंग गेम आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. ते आठवडेच्या आठवडे चालतात, म्हणजे कालची जागा आज सापडली पाहिजे आणि त्यासाठी बहुतेक वेळा कॅसेटमध्ये बॅटरी लागते. एकात शेकडो खेळ कोंबलेल्या आपल्या कॅसेटींमध्ये ती नव्हती. मजकूर जपानी, हे दुसरं कारण.

ही बॅटरी हाच माझ्या कामाचा गाभा होता. सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये खेळ मास्क रॉम या कायमच्या चिपमध्ये असतो, तो जात नाही. खेळाडूची प्रगती मात्र एसरॅम नावाच्या चिपमध्ये राहते आणि यंत्र बंद असताना सीआर२०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी तिला जिवंत ठेवते. बॅटरी संपली की सगळं गेलं. या मालिकेत सेव्हला 'बोकेन नो शो', म्हणजे साहसाची वही म्हणतात. 'वाईट वाटतं, पण तुमची पहिली वही नाहीशी झाली आहे' असा संदेश एका भेसूर सुरावटीसह पडद्यावर येई. ती सुरावट नुसती गुणगुणली तरी आमच्या ऑफिसातले लोक दचकतात.

घरी येऊन कॅसेट लावली आणि पहिलीच वही जिवंत निघाली. अनोळखी मुलाच्या नावाचा नायक, लेव्हल ३० च्या वर. एसरॅमला माहिती धरून ठेवायला पूर्ण ३ व्होल्ट लागत नाहीत, म्हणून थकलेल्या बॅटरीवरही ती तगून राहिली होती. वही उघडली तर नायक चर्चमध्ये उभा आणि त्याच्या मागे त्याची दोन लहान मुलं. पाचव्या भागात मुलांच्या केसांचा रंग आईवर जातो. बियांकाची मुलं सोनेरी केसांची, फ्लोराची निळ्या. ही दोघं निळ्या केसांची होती. कुठल्या तरी घरात तीस वर्षांपूर्वी एका मुलाने फ्लोराला निवडलं होतं आणि तो निर्णय एका नाण्याएवढ्या बॅटरीवर अजून टिकून होता. दुसऱ्या दिवशी फोटो दाखवला तेव्हा आमच्या फ्लोरावाल्या वरिष्ठांनी तो दोनदा मोठा करून बघितला.

आता ही वही जाऊ देणं शक्यच नव्हतं. बॅटरी काढली की एसरॅम रिकामी होणार, म्हणून आधी तिच्यातला मजकूर बाहेर काढायचा. अर्दुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डावर चालणारा एक ओपन सोर्स कार्ट रीडर मिळतो, त्याच्या खाचेत कॅसेट बसवली की सेव्ह एसडी कार्डवर उतरतो. एवढी सगळी कहाणी जेमतेम ८ किलोबाइटमध्ये मावते. मी ती फाइल तीन ठिकाणी ठेवली.

मग कॅसेट उघडली. तिला दोन स्क्रू असतात, पण साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. ३.८ मिलिमीटरचा खास गेमबिट लागतो, ज्याच्या टोकाला बाहेरून नाही तर आतून खाचा असतात. आत हिरवा बोर्ड आणि कोपऱ्यात बॅटरी, तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या जोडलेल्या आणि त्या पट्ट्यांची टोकं बोर्डाला सोल्डर केलेली. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. दुकानात मिळणारी साधी सीआर२०३२ आणून तिच्यावरच सोल्डर करू नका, तापून ती फुटू शकते. पट्ट्या आधीच लावलेली बॅटरी मिळते, तीच घ्या. बोर्डावर अधिक-उणे छापलेलं असतं, तरी जुनी काढण्याआधी फोटो काढून ठेवा. जुन्या सोल्डरवर थोडा फ्लक्स लावला, वर तांब्याची वेणी ठेवून तिच्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवलं. सोल्डर वितळून वेणीत चढला आणि पट्टी अलगद सुटली. ओढायचं अजिबात नाही, नाहीतर बोर्डावरचा तांब्याचा वर्ख उचलला जातो. नवी बसवली, मल्टिमीटरने व्होल्टेज तपासलं, खाचेतल्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, सेव्ह परत चढवला. यंत्र चालू केलं. निळ्या केसांची दोन्ही मुलं जागच्या जागी.

खरं लांबचं काम यानंतरचं. दुसऱ्या वहीत मी माझा खेळ सुरू केला. जपानी बोलता येणं वेगळं आणि खेळाची जपानी वाचणं वेगळं. पात्रं आपापल्या वयाच्या, हुद्द्याच्या भाषेत बोलतात. राजाची भाषा वेगळी, खेड्यातल्या म्हाताऱ्याची वेगळी. मी शेजारी कागद ठेवून अडलेलं उतरवत गेलो. वेग कमी झाला आणि त्याचा फायदाच झाला, कारण या मालिकेचे लेखक युजी होरिई यांचं लेखन घाईत वाचायचं नाहीच. ते एका वाक्यात काम भागवतात.

कथेची तीन पिढ्यांची मांडणी आजही मला थक्क करते. सहा वर्षांचा नायक वडील पापासबरोबर भटकत असतो. थोडी मोठी असलेली बियांका त्याला रात्री भुतांच्या किल्ल्यात घेऊन जाते, दोघं मिळून एका वाघरासारख्या पिल्लाला सोडवतात आणि बियांका आपली रिबीन त्या पिल्लाला बांधते. मग गेमा नावाचा राक्षस मुलाच्या डोळ्यांदेखत पापासला जाळतो आणि नायकाची दहा वर्षं गुलामीत जातात. पुढे ते पिल्लू हिंस्र श्वापद होऊन समोर येतं, तेव्हा त्याला ओळख पटते ती त्या रिबिनीने.

लग्नाची वेळ येते साराबोनात. श्रीमंत रुडमान सांगतो, आग आणि पाण्याच्या अंगठ्या आणेल त्याला मुलगी फ्लोरा देईन. पाण्याच्या अंगठीच्या वाटेवर डोंगरातल्या गावात बियांका पुन्हा भेटते, आजारी वडिलांची सेवा करणारी, अविवाहित. ती मदतीला येते. अंगठ्या घेऊन परतल्यावर लग्न ठरणार, एवढ्यात फ्लोराच वडिलांना थांबवते. बियांकाचं या माणसावर प्रेम असेल, घाईने लग्न करून पुढे पस्तावा नको, असं ती म्हणते. म्हणून नायकाला एक रात्र विचारासाठी मिळते. त्या रात्री तुम्ही गावात फिरू शकता. बियांका जागी असते, तिला झोप येत नसते. फ्लोरा झोपलेली असते.

डीएसवर मी हा प्रसंग बियांकाच्या रात्रीसाठी लक्षात ठेवला होता. या वेळी सावकाश, शब्द लावत वाचताना नजर फ्लोराच्या वाक्यावर थांबली. घरदार, वडील, अंगठ्या, सगळं तिच्या बाजूने असताना ती स्वतःचं लग्न स्वतः थांबवते, आणि ते दुसऱ्या बाईचा विचार करून. मूळ कॅसेटमध्ये तिच्या वाट्याला जे थोडे संवाद आहेत, त्यात हा एक आहे. मी फ्लोराला निवडलं. निवडताना हे ठाऊक होतं की खेळ इथे समतोल ठेवत नाही. बियांकाला निवडलं तर फ्लोराचं तिच्यावर जीव टाकणाऱ्या अँडीशी लग्न होतं. फ्लोराला निवडलं तर बियांका त्या डोंगरातल्या गावात वडिलांजवळ, अविवाहितच राहते. तीस वर्षं वाद पेटता राहिला तो या असमतोलामुळे, असं आता मला वाटतं. फ्लोरा आयोनाझुन हा जबरदस्त मंत्र शिकते, सासरा पैसेवाला आहे, हे मुद्दे लोक देतात खरे, पण ते जेवताना बोलायचे मुद्दे. मनातली बोच डोंगरातल्या गावाची असते.

लग्नानंतर नायक आणि बायको दोघंही दगड होतात. नायकाचा पुतळा लिलावात विकला जातो आणि कुणाच्या तरी अंगणात उभा राहतो. घरात मूल असतं, ते मोठं होतं, ऋतू बदलतात. तुमच्या हातात कंट्रोलर असतो आणि कुठलंच बटण काही करत नाही. मग राक्षस ते मूल पळवतात आणि घरमालक दुःखाने त्या पुतळ्यालाच लाथा घालतो. आठ वर्षं अशी जातात. शेवटी कांडी घेऊन त्याला सोडवायला येतात ती त्याचीच मुलं, आणि कळतं की ज्या दैवी वीराचा शोध वडिलांपासून चालू होता तो आपला मुलगा आहे. नायक म्हणजे वीराचा बाप, एवढंच. असा विचार १९९२ मध्ये लहान मुलांच्या खेळात कुणी केला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पुढचा भाग झपाट्याने सरला. सुपर फॅमिकॉमवर लढाईत फक्त तिघंच उतरतात, त्यामुळे कुणाला घ्यायचं याचा रोज विचार. माझ्या तिघांत पिएर नावाचा स्लाइम नाइट शेवटपर्यंत होता. दोन्ही पक्षांचं एकमत असलेला हा बहुधा एकमेव मुद्दा. मिल्ड्राथ हा शेवटचा शत्रू पडला त्या रात्री मी कोइची सुगियामांचं संगीत पूर्ण ऐकून मगच यंत्र बंद केलं.

ऑफिसात बातमी दिली. आमचे वरिष्ठ खूश झाले, पण बियांका पक्षाची माझ्याच वयाची एक सहकारी गप्प बसली नाही. "फ्लोरा थांबवते, कारण तिला थांबवणं परवडतं," ती म्हणाली. "बियांका काय करणार? तिने काही मागितलं असतं का कुणाकडे?" याला माझ्याकडे उत्तर आहे, पण तिचं म्हणणं खोडून काढेल असं नाही. तिने हा खेळ फक्त प्लेस्टेशन २ वर खेळलेला. कॅसेट आणि यंत्र मी तिला देऊन टाकलंय. पहिल्या दोन वह्यांना हात लावायचा नाही, तिसरी तिची. सध्या ती भुतांच्या किल्ल्यात आहे आणि तिची वहीही पुसली जाऊ नये म्हणून कार्ट रीडर रोज बरोबर नेते.