सोन्याच्या खाली काय असतं

इटलीतल्या सिएना शहराच्या कॅथीड्रलने चित्रकार दुच्चोशी १३०८ साली करार केला. साहित्य कॅथीड्रलचं, हात चित्रकाराचे. १३११ साली ती भव्य ‘माएस्ता’, म्हणजे सिंहासनावरच्या मेरीचं वेदीचित्र, मिरवणुकीने कॅथीड्रलमध्ये आली. अशा गॉथिक, म्हणजे उत्तर मध्ययुगीन युरोपातल्या, लाकडी फळीवरच्या चित्रांत यजमानाची ऐपत दिसते सोन्यात आणि लाजवर्दाच्या निळ्यात. पण सोनं झळाळतं ते खालच्या पांढऱ्या थराच्या जिवावर, आणि हे तंत्र करून पाहणारे नेमके तिथेच घाई करतात.

फळी इटलीत पॉप्लरची, उत्तरेकडे ओकची. कोल्हापुरात सागवान सहज मिळतं, पण त्याच्या तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. त्यापेक्षा १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्यावा. सरस दोन्ही बाजूंना लावायचा. एकच बाजू झाकली तर दमट हवेत फळी वाकते.

एक लिटर पाण्याला ७० ग्रॅम दाणेदार सरस. रात्रभर भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून विरघळवायचा. उकळी आली की त्याची पकड जाते. पहिला हात वाळल्यावर खळ काढलेलं जुनं सुती कापड सरसात बुडवून फळीवर चिकटवायचं.

आता गेसो, म्हणजे सरस आणि चॉकचा तो पांढरा थर. कोमट सरसावर चॉक पावडर चाळून सोडत राहायची, ती पृष्ठभागापर्यंत आली की थांबायचं. मग अगदी हलक्या हाताने कालवायचं. जोरात ढवळलं की बुडबुडे येतात, त्यांची टाचणीएवढी छिद्रं होतात आणि ती सोन्यातूनही दिसतात. एकाच दिवसात आठ हात, एक उभा, एक आडवा, खालचा किंचित ओलसर असतानाच. वरच्या हातात सरस जास्त झाला तर तो आकसतो आणि भेगा पडतात. भांड्यातलं पाणी उडून सरस आपोआप घट्ट होत जातो, म्हणून मधूनमधून कोमट पाणी घालायचं.

घासून गुळगुळीत केल्यावर बोल नावाच्या तांबड्या मातीचे चार-पाच पातळ हात. त्यावर श्वासाची वाफ देऊन सोन्याचा वर्ख बसवायचा आणि अकीकाने घोटायचा. मिठाईवरचा वर्ख चांदीचा असतो, तो काळा पडतो. इथे चालणार नाही. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात बोल ओला राहतो आणि अकीक सोनं ओरबाडतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी उलट वाफच टिकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे.

रंगासाठी अंड्याचा बलक. चित्रतंत्रावर जुना ग्रंथ लिहिणाऱ्या इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीने तरुण चेहऱ्यांसाठी शहरी कोंबडीचा फिकट बलक सांगितला आहे, म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्यांसाठी गावाकडचा गडद. आपल्याकडे पोल्ट्रीचं आणि गावरान अंडं असा फरक आयताच मिळतो! बलकाची पिशवी चिमटीत धरून फोडायची, आतलं तेवढंच घ्यायचं, त्यात तितकंच पाणी. पाण्यात खललेला रंग आणि हे मिश्रण साधारण निम्मं-निम्मं. काचेवर एक पट्टा ओढून वाळू द्यावा. ब्लेडने सलग साल निघाली तर प्रमाण जमलं. भुकटी झाली तर बलक वाढवायचा.