जाळं कापलं, कासव सोडलं: भरपाईच्या अर्जाचा माझा अनुभव

पहिल्या वेळी माझा अर्ज परत आला, कारण फोटो नव्हता. तंगुसाच्या (नायलॉनच्या) जाळ्यात कासव गुरफटलेलं दिसताच खलाशाने सुरी काढली, पाच-सहा वाव जाळं सपासप कापलं आणि त्याला मोकळं केलं. त्या घाईत मोबाइल कुणाला आठवणार? नवं जाळं पदरमोड करून घेतलं.

2018 च्या डिसेंबरपासून आपल्या महाराष्ट्रात वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही भरपाई देतात. कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं, तर 25,000 रुपयांपर्यंत. हे मला मच्छीमार सोसायटीत कळलं होतं, पण पुरावा कसा ठेवायचा ते नाही.

दुसऱ्या वेळी ऑलिव्ह रिडले जातीचं कासव आलं, तेही निपचित. कासव पाण्यात राहत असलं तरी श्वास हवेतलाच घेतं. जाळ्यात खाली अडकून पडलं की गुदमरतं. तसंच परत टाकलं असतं तर तळालाच गेलं असतं. आम्ही त्याला पोटावर ठेवलं (उताणं कधीच करायचं नाही), मागची बाजू फळीवर वीतभर उचलली आणि पाठीवर ओलं गोणपाट टाकलं. तोंडातून पाणी गळू लागलं. एरवी एक मिनिट वाया जाऊ न देणारा आमचा तांडेल (बोटीचा प्रमुख) सारखा जाऊन त्याच्या शेपटीला बोट लावून ती हलते का बघत होता. चारेक तासांनी कासवाने मान उचलली आणि असा मोठा श्वास सोडला की आम्ही सगळे बघतच राहिलो. इंजिन बंद केलं. देवळाच्या दारात लावतो तसा तांडेलाने त्याच्या पाठीला हात लावला, मग अलगद पाण्यात सोडलं.

फोटो या वेळी नीट काढले: जाळ्यात अडकलेलं, जाळं कापताना, सोडताना, आणि एकात बोटीचा नंबर. दहा-पंधरा सेकंदांचं काम. नौका नोंदणी, परवाना, पासबुक यांच्या प्रती जोडून अर्ज दिला, कापलेलं जाळं दाखवायला जपून ठेवलं. एका झेरॉक्सवरचा शिक्का पुसट होता म्हणून आणखी एक फेरी झाली.

पैसे काही महिन्यांनी खात्यात आले. जाळ्याचा बराचसा खर्च निघाला. बुडालेला दिवस मात्र आमचाच, आणि तोही धरायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण चार तास थांबलो म्हणून ते कासव जगलं.

ती फळी आणि गोणपाट आता बोटीवरच असतं.